आपल्या आजा-पणजांची नोंद कोणत्या दप्तरात?

आपल्या विहाराच्या वर्धापन दिनाच्या स्मरणिकेत दरवर्षी धम्मावर, चळवळीवर आणि बाबासाहेबांच्या जीवनावर लेख येतात. ते यायलाच हवेत. या वेळी मात्र आम्ही थोडा वेगळा विषय घेतला आहे. विषय घरचाच आहे, पण घरात त्यावर बोलणे होत नाही.

आपल्या वस्तीतल्या कोणत्याही मुलाला वडिलांचे नाव विचारा, तो सांगेल. आजोबांचे नावही सांगेल. पणजोबाचे नाव विचारले की तो आईकडे बघतो. आई सासूकडे बघते. सासू म्हणते, "ते गावालाच वारले, मी काय त्यांना बघितलं नाही." तीन पिढ्यांत दोरा तुटतो. ज्यांच्या खांद्यावर उभे राहून आपण इथवर आलो, त्यांची नावेसुद्धा आपल्याला ठाऊक नाहीत.

हा शोध आपण घेतच नाही असे नाही. पोराला कॉलेजात राखीव जागेवर प्रवेश मिळाला किंवा नोकरी लागली की जात वैधता प्रमाणपत्र लागते. मग समिती १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागते. अनुसूचित जातींचा राष्ट्रपतींचा आदेश त्या दिवशी निघाला, म्हणून ही तारीख. त्या दिवशी आपले घराणे महाराष्ट्रात राहत होते आणि त्याची जात यादीतली होती, हे कागदाने दाखवावे लागते. मग घरात धावपळ सुरू होते. गावी फोन जातात, माळ्यावरची ट्रंक खाली येते. प्रमाणपत्र हातात पडले की ट्रंक पुन्हा माळ्यावर जाते आणि शोधही तिथेच थांबतो. आमचे म्हणणे असे, की तो तिथे थांबू नये. जो कागद प्रमाणपत्रासाठी शोधला, तोच कागद आपला इतिहास आहे.

इंग्लंडचा मजूर आणि मुंबईचा मजूर

मुंबईत पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये उभारायला घेतली. पुढे गिरणगाव वाढले तेव्हा तिथली कितीतरी यंत्रे इंग्लंडातून, लँकेशायरच्या ओल्डहॅम गावच्या प्लॅट ब्रदर्स कारखान्यातून आली. आमच्यातल्या जुन्या कामगारांनी यंत्राच्या बिडाच्या अंगावर ते इंग्रजी नाव उठवलेले पाहिले आहे. म्हणजे ओल्डहॅमचा मजूर ज्या जातीच्या यंत्रावर सूत कातत होता, तसल्याच यंत्रावर आपला आजा इथे सूत कातत होता. कष्ट दोघांचे, धूळ दोघांच्या छातीत. पण एका बाबतीत दोघांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

इंग्लंडात १५३८ साली राजा आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने हुकूम काढला, की प्रत्येक गावच्या चर्चने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची वही ठेवावी. चर्चच्या हद्दीला तिकडे पॅरिश म्हणतात. त्या पॅरिशमध्ये राहणारा, मग तो जमीनदार असो की शेणगोठा काढणारा गडी, त्याचे मूल चर्चमध्ये आले की त्याचे नाव वहीत चढायचे. १७५४ पासून लग्नाच्या नोंदीवर नवरा-नवरीची सही घेऊ लागले. लिहिता येत नसेल तो फुली मारायचा, आपल्याकडे अंगठा उठवतात तसे. १८३७ पासून सरकारी जन्ममृत्यू नोंदणी सुरू झाली. शिरगणती १८०१ पासून दर दहा वर्षांनी होत होती, आणि १८४१ पासून तिच्यात देशभर माणसांची नावे लिहू लागले. १८५१ च्या शिरगणतीत तर घरातला प्रत्येक माणूस, त्याचे घरमालकाशी नाते, वय, धंदा आणि जन्मगाव एवढे सारे आहे. शंभर वर्षे झाली की हे तक्ते लोकांना पाहायला खुले करतात. १९२१ सालचे तक्ते २०२२ च्या जानेवारीत खुले झाले. १९३१ चे मात्र १९४२ मध्ये आगीत जळाले.

त्यामुळे आज तिथला एखादा बसचालक किंवा दुकानातला नोकर चिकाटीने बसला तर आपल्या सात-आठ पिढ्या शोधू शकतो. खापरपणजोबा कापसाच्या गिरणीत कोणते काम करत होता, कोणत्या गल्लीत राहत होता, किती मुले दगावली, हे त्याला वाचायला मिळते. राजेरजवाड्यांचीच वंशावळ असते हा समज तिथल्या मजुराच्या पोरांनी खोटा ठरवला. गरिबांचाही इतिहास कागदावर असतो, शोधणारा पाहिजे.

आपल्याकडे अशी वही नव्हती काय? होती. पण ती कोणासाठी होती आणि तिच्यात आपल्याला कसे लिहिले, हे समजून घ्यावे लागते.

शिरगणतीत आकडा आहे, नाव नाही

हिंदुस्थानात पहिली शिरगणती १८७२ च्या सुमारास झाली. सगळीकडे एकाच वेळी अशी पहिली शिरगणती १८८१ ची. तेव्हापासून दर दहा वर्षांनी ती होत आली. १९३१ पर्यंत प्रत्येक जातीची मोजदाद छापली. त्या जाडजूड अहवालांत महार किती, मांग किती, चांभार किती, शिकलेले किती, हे जिल्ह्याजिल्ह्याने दिले आहे. मुंबईच्या तक्त्यांत कोणत्या जिल्ह्यातून किती माणसे पोट भरायला आली तेही आहे. त्यात रत्नागिरी जिल्ह्याचा आकडा डोळ्यांत भरतो. आपल्या चाळीतली अर्धी माणसे खेड, दापोली, मंडणगड, चिपळूणकडची का, याचे उत्तर त्या तक्त्यात आहे.

पण आजोबांचे नाव तिथे मिळणार नाही. मोजणी संपून बेरजा झाल्या की घरोघरचे मूळ तक्ते जपून ठेवायची पद्धत आपल्याकडे नव्हती. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा जनगणना कायदा आला. त्याच्या १५ व्या कलमाप्रमाणे शिरगणतीची मूळ कागदपत्रे कोणाला पाहता येत नाहीत आणि ती पुरावा म्हणूनही चालत नाहीत. इंग्लंडात शंभर वर्षांनी दार उघडते. आपल्याकडे दार नाहीच.

तरीसुद्धा नुसते आकडेही बोलतात. १९५१ साली आजच्या महाराष्ट्राच्या भागात बौद्ध म्हणून नोंद असलेली माणसे अडीच हजारांच्या आसपास होती. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी धम्माची दीक्षा घेतली आणि दिली. १९६१ च्या शिरगणतीत महाराष्ट्रातील बौद्धांचा आकडा आला २७ लाख ८९ हजार ५०१. अडीच हजारांवरून अठ्ठावीस लाखांवर! या आकड्यात आपले आजी-आजोबा आहेत. शिरगणतीवाला दारात आला तेव्हा त्यांनी छाती पुढे काढून 'बौद्ध' असे सांगितले, म्हणून तो आकडा झाला. त्यांचे नाव तिथे नाही, पण त्यांचा आवाज तिथे आहे.

आकडे वाचताना एक ध्यानात ठेवावे. १९९० पर्यंत केंद्राच्या कायद्याने बौद्धांना अनुसूचित जातीत धरत नसत. त्यामुळे १९६१, १९७१ आणि १९८१ च्या तक्त्यांत आपल्या गावची अनुसूचित जातीची संख्या एकदम खाली गेलेली दिसते. माणसे कुठे गेली नव्हती, रकाना बदलला होता. १९९० मध्ये कायदा दुरुस्त झाला आणि १९८१ ला महाराष्ट्रात ७ टक्क्यांच्या आसपास असलेले अनुसूचित जातींचे प्रमाण १९९१ ला ११ टक्क्यांवर गेले. एवढ्या लढ्याचा इतिहास त्या दोन आकड्यांत दडला आहे. २०११ ला महाराष्ट्रात आपण ६५ लाख ३१ हजार २०० होतो.

गावचे दप्तर

नाव शोधायचे तर गावी जावे लागते. तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात, म्हणजे आपण ज्याला रेकॉर्ड रूम म्हणतो तिथे, गावोगावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या वह्या असतात. सरकारी भाषेत त्याला गाव नमुना १४ म्हणतात आणि लोक कोतवाल बुक म्हणतात. तारीख, मुलाच्या बापाचे नाव, जात, मुलगा की मुलगी, मयत असेल तर वय आणि कारण असे रकाने त्यात सापडतात. जुनी पाने पुष्कळदा मोडीत असतात. आपल्याकडे पॅरिशच्या वहीला सर्वांत जवळची वही कोणती असेल तर ती हीच.

या वहीची एक गंमत आहे, आणि एक दुःख आहे. गावात कोणी मेले की ती बातमी परगावच्या सोयऱ्यांकडे पोहोचवणे हे महाराचे वतनी काम होते. सरकारचा वसूल तालुक्याला पोहोचवणे, साहेबाचे सामान वाहणे, गावची शीव राखणे हीही त्याचीच कामे. शिवेचा तंटा निघाला तर महाराची साक्ष मोठी मानत. सबंध गावाच्या हद्दीचा जो साक्षीदार, त्याच्या स्वतःच्या घरची नोंद मात्र वहीत एका ओळीत, कशीतरी. कधी बाईचे नावच नाही, कधी बापाचे नाव अर्धे, आडनाव तर जवळजवळ नसतेच.

आमच्या माहितीतल्या एका कुटुंबाची हकिकत सांगतो. मुलीला वैद्यकीयला प्रवेश मिळाला आणि वैधतेसाठी पणजोबापर्यंतचा कागद हवा होता. कोकणातल्या एका कचेरीत ते दोनदा गेले. दोन्ही वेळा कारकुनाने आडनाव बघून "नोंद नाही" असे सांगितले. तिसऱ्या वेळी आम्ही बरोबर गेलो आणि सांगितले की आडनाव सोडा, गाव धरा, जात धरा, साल धरा. १९२५ ते १९३५ ची पाने एकेक करून पाहिली. १९३१ च्या पानावर आजोबांचा जन्म सापडला. बापाचे नाव पुढे 'नाक' लावून लिहिलेले. आडनावाचा पत्ता नाही. त्याच वहीत दोन वर्षांनी त्याच बापाच्या नावावर आणखी एक ओळ होती. मुलगी, वय आठ महिने, मयत, कारण ताप. आजोबांना एक बहीण होती, हे त्या घरात कोणालाच ठाऊक नव्हते. आजोबांनाही नसेल, ते तेव्हा दोन वर्षांचे होते. मुलीचे काम झाले, ती आज डॉक्टर होते आहे. पण तिच्या वडिलांनी त्या दुसऱ्या ओळीचीही नक्कल मागून घेतली. कारकून म्हणाला, "ही कशाला? हिचा उपयोग नाही." वडील म्हणाले, "असू द्या, घरातली आहे."

दुसरे दप्तर जमिनीचे. आपल्याला जमीन नव्हती असे आपण सरसकट म्हणतो, पण वतनाची म्हणून हाडकी-हाडोळ्याची जमीन बऱ्याच गावांत होती. ती कागदावर इनाम वर्ग सहा-ब म्हणून दाखवत. गाव नमुना ३, म्हणजे दुमाला जमिनींची नोंदवही, तिच्यात ती सापडते. जुने फेरफार, वारस नोंदी आणि सात-बारा यांत एकेका गटावर दहा-दहा, वीस-वीस नावे असतात. ही सगळी भावकी. वंशावळ काढायला याच्याइतका चांगला कागद नाही, कारण बाप मेला की मुलांची नावे वारस म्हणून चढतात आणि पिढीला पिढी जोडली जाते.

या वतनाने आपल्या माणसांना तुकड्याच्या बदल्यात गावाचे वेठबिगार केले. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे बिल आणले ते त्यासाठीच. शेवटी १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाव वतने रद्द झाली आणि जमिनी नवीन शर्तीवर वतनदारांच्या नावे परत द्यायचे ठरले. सरकारच्या परवानगीशिवाय त्या विकता येत नाहीत. तरी गावोगाव त्या दुसऱ्यांच्या ताब्यात गेलेल्या दिसतात. मुंबईत राहणाऱ्या वारसाला पत्ताही नसतो. म्हणून हा शोध नुसत्या हौसेचा नाही. तो कागद काढून ठेवला तर हक्काला वाचा फुटते.

याहून जुने कागद हवे असतील तर पुण्याचे पेशवे दप्तर आणि मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतले पुराभिलेखागार आहे. तिथे मोडी वाचता येणारा माणूस लागतो. आपल्या तरुण पोरांपैकी दोघांनी तरी मोडी शिकावी असे आम्हाला वाटते. २०२३ मध्ये सरकारने कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे यांची समिती नेमली, तेव्हा तालुक्या-तालुक्यांतली हीच दप्तरे उघडली गेली आणि मोडी जाणकार बसवून तपासली गेली. म्हणजे मनात आणले तर शोध होतो. त्याच वह्यांच्या त्याच पानांवर आपलीही माणसे आहेत.

नाव वाचायचे कसे

जुन्या कागदात आपली नावे आजच्यासारखी नसतात. नावापुढे 'नाक' असेल तर तो आपला माणूस समजावा. भीमा कोरेगावच्या स्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या कंपनीच्या शिपायांची जी नावे कोरली आहेत, त्यांत २२ नावांच्या शेवटी 'नाक' आहे. दगडावर कोरलेली ही आपली एक जुनी नोंदवहीच आहे.

आडनावे पुष्कळ ठिकाणी नंतर आली. कोणी शाळेत मास्तरांनी लावली, कोणी पलटणीत, कोणी गिरणीच्या दरवाज्यावर. कोणी गावाच्या नावाला 'कर' लावला. एकाच आज्याचे तीन नातू तीन आडनावांचे झालेले आम्ही पाहिले आहेत. म्हणून शोधताना आडनावाच्या मागे लागू नये. गाव, भावकी आणि साल या तीन गोष्टी धराव्यात.

पाळण्यातली नावेही इतिहास सांगतात. जुन्या पानांवर धोंडू, दगडू, कचरू, भिकू, केरू, धोंडी, भिकी अशी नावे ओळीने येतात. पोरे जगत नसत, म्हणून दगडाचे, कचऱ्याचे नाव ठेवायचे, म्हणजे मरण त्याच्याकडे बघणार नाही अशी भाबडी समजूत. १९५६ नंतरचे शाळेचे रजिस्टर उघडा. सिद्धार्थ, गौतम, राहुल, आनंद, मिलिंद, सुजाता, यशोधरा, संघमित्रा! बाप दगडू आणि मुलगा सिद्धार्थ. या दोन नावांच्या मध्ये बाबासाहेब उभे आहेत. धर्मांतराने काय झाले असे विचारणाऱ्याला कोणत्याही जिल्हा परिषदेच्या शाळेचे रजिस्टर दाखवावे.

काही बायाबापड्या आम्हाला विचारतात, "आता आपण बौद्ध झालो, मग त्या जुन्या जातीचे कागद परत कशाला हुडकता?" प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर असे, की त्या रकान्यातला शब्द ही आपली ओळख नव्हे, तो आपल्यावर झालेल्या अन्यायाचा पुरावा आहे. पुरावा जाळून अन्याय पुसला जात नाही, उलट अन्याय करणाराच सुटतो. बाबासाहेबांनीही १९४८ मध्ये अस्पृश्यांवरच्या ग्रंथात आपले मूळ कोण, हा प्रश्न अभ्यासाने धसास लावला. त्यांनी पाठ फिरवली नाही.

शाळा आणि पलटण

शाळेच्या जनरल रजिस्टरासारखा भक्कम कागद दुसरा नाही. साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० या तारखेला १९१४ क्रमांकापुढे 'भिवा रामजी आंबेडकर' अशी नोंद आहे. घराण्याचे मूळ आडनाव सकपाळ, गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे, आणि रजिस्टरात नाव आंबेडकर. ज्याने देशाची घटना लिहिली त्याच्या शिक्षणाचा धागा एका शाळेच्या वहीत असा जपला गेला. २०१७ पासून महाराष्ट्रात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. आपल्या आजोबांनी चौथीपर्यंतच का होईना, शाळा पाहिली असेल, तर गावच्या शाळेत त्यांची ओळ असणारच. शाळा सोडल्याच्या दाखल्याची नक्कल मागावी.

पलटणीचे कागद हा आपला दुसरा ठेवा. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार होते हे सर्वांना ठाऊक आहे. १८९० नंतर इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. त्याविरुद्ध पेन्शनर गोपाळबाबा वलंगकर यांनी अर्जाची मोहीम उघडली. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली आणि १९२१ मध्ये मोडली. १९४१ मध्ये महार रेजिमेंट झाली. घरात एखादे जुने पेन्शन बुक, डिस्चार्ज कागद, पदक असेल तर त्यावर नंबर, पलटण, गाव, तालुका सारे असते. कोकणात आणि साताऱ्याकडे काही गावांत पहिल्या महायुद्धाची दगडी पाटी भिंतीत बसवलेली दिसते. या गावातून इतकी माणसे लढाईस गेली, इतकी कामास आली, एवढेच तिच्यावर असते. तिथेही आकडाच आहे, नाव नाही. नाव घरातच शोधायला हवे.

आपल्यातलेच काही बांधव अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनच्या काळात ख्रिस्ती झाले. अशी भावकी असेल तर त्यांच्या चर्चमध्ये बाप्तिस्म्याची वही विचारावी. इथे मात्र खरोखरच पॅरिशसारखी वही आपल्या कामाला येऊ शकते.

गिरणी आणि चाळ

मुंबईत आलेल्या माणसाचा माग गिरणीत लागतो. हजेरीचा मस्टर, तिकीट नंबर, बदली कार्ड, १९५२ च्या कायद्याने आलेल्या प्रॉव्हिडंट फंडाची स्लिप, विमा योजनेचे कार्ड, युनियनची पावती. कार्डावर खात्याचे नाव बघा. आपल्या जुन्या माणसांचे खाते बहुधा रिंगचे असते, साच्याचे नसते. का? धोट्यातला दोरा तोंडाने ओढून काढावा लागे, आणि अस्पृश्याच्या ओठाला लागलेला दोरा सवर्ण कामगाराला चालत नसे. साचेखात्यात पगार जास्त, म्हणून त्या खात्याचे दार आपल्याला बंद. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला. आजोबांच्या कार्डावरचा 'रिंग' हा एक शब्द एवढी मोठी गोष्ट सांगतो.

गिरण्या गेल्या, जमिनींवर टॉवर झाले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि अडीच लाख कामगारांची घरे हलली. पुढे गिरणी कामगारांना म्हाडाची घरे द्यायचे ठरले. १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर कामावर असलेला कामगार किंवा त्याचा वारस पात्र धरला. दीड लाखाहून जास्त अर्ज आले. तेव्हा ज्यांच्या घरी तिकीट, पगारपत्रक, पीएफची स्लिप होती ते रांगेत पुढे गेले. ज्यांनी रद्दीत घातले ते कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवत राहिले.

चाळीचेही तसेच. बीडीडीच्या २०७ चाळी १९२० नंतरच्या काही वर्षांत बांधल्या. त्यांच्या भाडेपावत्या, खोली नावावर करून घेतल्याचे अर्ज, रेशनकार्डे यांत बाप-लेकाचे नाते लिहिलेले असते. आता त्या चाळींचा पुनर्विकास सुरू आहे. वरळीच्या पहिल्या रहिवाशांना २०२५ च्या ऑगस्टमध्ये नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. आनंदच आहे. पण नव्या घरात जाताना जुनी पत्र्याची ट्रंक भंगारवाल्याला जाते, आणि तिच्याबरोबर शंभर वर्षे जातात. आमची हात जोडून विनंती आहे, ट्रंक विकायची तर विका, आतला एकही कागद बघितल्याशिवाय टाकू नका.

गावशाखेच्या आणि पंचायतीच्या वर्गणीच्या वह्याही पाहाव्यात. कोणी किती आणे दिले या यादीत घराण्याचा कर्ता पुरुष हटकून सापडतो.

आजीचे नाव

सर्वांत अवघड शोध आजीचा. लग्नाने तिचे नाव बदलले, आडनाव बदलले, गाव बदलले. सात-बाऱ्यावर तिचे नाव विधवा झाल्यावर चढते. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीच्या वेळी देशात सुमारे २८ लाख बायकांची नावे मतदार यादीतून गळली, कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची आई एवढेच सांगितले होते. गिरणीत वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत बाया काम करत. त्यांच्या बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा मुंबईत १९२९ ला झाला आणि बाबासाहेबांनी कायदेमंडळात त्या बिलाची बाजू मांडली होती.

कागदात नसेल ते माणसाकडून घ्यावे. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतल्या बायांना गावोगाव गाठून, त्यांच्या तोंडून ऐकून १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक केले. ते झाले नसते तर त्या बाया कोणाला ठाऊक झाल्या असत्या? आपल्या वस्तीतही ऐंशी-पंच्याऐंशीच्या आज्या आहेत. माहेरचे गाव, आईचे नाव, मुंबईला कोणाबरोबर आलात, दीक्षा कुठे घेतली, एवढे चार प्रश्न नातवंडांनी मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून घ्यावेत. यात उद्या करू म्हणून चालत नाही. चालती-बोलती दप्तरे आहेत ती.

विहाराने काय करावे

चर्चने वही ठेवली म्हणून इंग्लंडच्या मजुराला पूर्वज सापडले. आपले विहार हे आपल्या वस्तीचे तसेच ठिकाण आहे. नामकरण इथे होते, मंगल परिणय इथे होतो, पुण्यानुमोदनाला आपण इथेच जमतो. पावती फाडली जाते आणि नोंद राहत नाही. आमची सूचना साधी आहे. विहारात एक जाड, बांधीव वही ठेवावी. प्रत्येक कुटुंबाला दोन पाने. मूळ गाव, तालुका, जुने आडनाव, आजा-पणजाचे नाव, आजीचे माहेरासकट नाव, मुंबईत कोणत्या साली आले, कोणत्या गिरणीत कोणत्या खात्यात, दीक्षा कधी, आणि पुढे जन्म, लग्न, निधन. कोणता कागद घरात आहे तेही लिहावे. कागदांचे फोटो काढून विहाराच्या संगणकात ठेवावेत. जन्मदाखले आणि आधार यांचे नंबर वहीत लिहू नयेत, ते ज्याचे त्याने सांभाळावे. दर रविवारच्या वंदनेनंतर दोन तरुण आणि एक बाई बसली, तर वर्षभरात वस्ती पुरी होईल.

आणखी एक. कोरोनामुळे २०२१ ची जनगणना झाली नाही. आता पुढच्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही तारीख ठरवली आहे आणि तिच्यात जातीचीही नोंद होणार आहे. धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' असेच सांगावे, 'नवबौद्ध' नव्हे. जात सांगावी की नाही यावर आपल्यात दोन मते आहेत, ती असोत. पण अनुसूचित जातीत गणना व्हायची असेल तर यादीतलेच नाव लागते, मोघम शब्द चालत नाही, हे जाणून प्रत्येकाने विचाराने ठरवावे. पेन्सिल दुसऱ्याच्या हातात असली तरी काय लिहिले ते वाचून घ्यावे. १९६१ ला आपल्या अडाणी आजी-आजोबांनी आपला धर्म ठामपणे सांगितला. आपण तर शिकलेले आहोत.

ज्यांना लिहायला बंदी होती त्यांचा इतिहास दुसऱ्यांनी लिहिला, आणि तोही एका ओळीत. आता लेखणी आपल्या घराघरांत आहे. वही आणायचा खर्च आम्ही काही कामगार मित्र मिळून करू. पहिल्या पानावर कोणाचे नाव येते ते येत्या वैशाख पौर्णिमेला पाहू.

नमो बुद्धाय! जय भीम!